व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत का घसरते?

पदवीच्या ‘पैसा आणि वित्तीय बाजार’ या विषयात रोख्याची (म्हणजे सरकार किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाच्या बाँडची) किंमत आणि परतावा नेहमी उलट दिशेने जातात असे विधान येते, आणि ते घोकण्याऐवजी समजून कसे घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी हा विषय शिकवतो आणि सुरुवात ट्रेझरी बिलापासून, म्हणजे सरकारच्या एका वर्षाच्या आतल्या मुदतीच्या रोख्यापासून, करतो, कारण त्यावर व्याजाचे हप्ते नसल्याने हिशेब एका ओळीत मावतो.

रिझर्व्ह बँक केंद्र सरकारच्या वतीने ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या बिलांचे लिलाव करते. समजा, १०० रुपये दर्शनी किमतीचे ३६४ दिवसांचे बिल ९४ रुपयांना विकले गेले. खरेदीदाराला ९४ रुपयांवर ६ रुपये सुटतात, म्हणजे साधारण ६.४ टक्के. तेच बिल ९३ रुपयांना मिळाले, तर परतावा साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. मुदतीअंती मिळणारे १०० रुपये ठरलेलेच असल्यामुळे बाजाराला जास्त परतावा हवा असेल, तर तो आजची किंमत कमी करूनच मिळू शकतो. किंमत आणि परतावा ही एकाच व्यवहाराची दोन मोजमापे असल्याने त्यांत आधी कोण हलले हा प्रश्नच फारसा उरत नाही.

व्याज देणाऱ्या रोख्यांत मुदतीचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते पुस्तके नेमकी इथेच घाई करतात. दर सहामाहीला साडेतीन रुपये देणारा ७ टक्क्यांचा रोखा घ्या. बाजारातील परतावा ८ टक्के झाला, तर एक वर्ष उरलेल्या रोख्याची किंमत सुमारे ९९ रुपये, दहा वर्षे उरलेल्याची ९३ आणि तीस वर्षे उरलेल्याची ८९च्या खाली येते. कमी व्याजात जितकी जास्त वर्षे अडकायचे, तितकी सूट खरेदीदार मागतो.

अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बुडाली, त्यामागे हेच गणित होते. व्याजदर अत्यल्प असताना तिने ठेवीदारांचा पैसा दीर्घ मुदतीच्या रोख्यांत गुंतवला होता. २०२२ पासून फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, दर झपाट्याने वाढवले, रोख्यांच्या किमती पडल्या, आणि ठेवी बाहेर जाऊ लागल्यावर बँकेला सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे १.८ अब्ज डॉलरच्या तोट्यात विकावे लागले. ते जाहीर होताच दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी एकाच दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याची मागणी केली.