प्रश्न तुमचे: शिबिरातल्या विद्यार्थ्याला किडनीची गोडी कशी लागेल?

आमच्या मंडळात गणेशोत्सवात आरोग्य शिबिर होतं. मेडिकलची मुलं येतात, दीड-दोनशे लोकांचं बीपी आणि लघवी तपासतात आणि जातात. यातल्या एखाद्याला पुढे किडनीचा डॉक्टर व्हावंसं वाटावं, म्हणून आम्ही काही करू शकतो का?
– मंडळाचा कार्यकर्ता, रामबाग, इंदूर

नक्कीच. फक्त शिबिर एका दिवसात संपवू नका. दोनशे जणांचं बीपी मोजून कोणी या शास्त्राच्या प्रेमात पडत नाही. एकाच माणसामागे वर्षभर राहिलं, तर पडतो. शिवाय बिघाड किमान 3 महिने टिकल्याशिवाय किडनीचा आजार जुनाट म्हणता येत नाही. भाद्रपदात सापडलेल्या माणसाची पुढची तपासणी मार्गशीर्षात येते, आणि ती त्याच विद्यार्थ्याने करायला हवी. प्रत्येकाकडे पाचच माणसं सोपवा. नावांची वही मंडळाच्या टेबलावर उघडी पडू देऊ नका.

तपासणी मात्र काटेकोर हवी. रांगेतून आलेल्या माणसाला आधी 5 मिनिटं पाठ टेकवून शांत बसवा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर आकडा खोटाच वर जातो. लघवीच्या पट्टीवरचं प्रथिन डबीवर दिलेल्या वेळेलाच वाचा. डबी उघडी राहिली की पट्ट्या दमट होऊन बिघडतात. ताप, जोराचा व्यायाम किंवा मासिक पाळी असली तरी पट्टी फसवते. म्हणून पट्टीचा रंग बदलला की लगेच आजाराचं नाव घेऊ नये. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिनचं प्रमाण तपासायला पाठवावं.

खरी गोडी लागते ती यानंतरच्या बैठकीत. कॉलेजातल्या एका शिक्षकाकडे तीन-चारच विद्यार्थी असावेत आणि त्यांनी महिन्यातून एकदा आपापली माणसं समोर मांडावीत. क्रिएटिनिन 1.2 हा आकडा घ्या. 25 वर्षांच्या तरुणात त्यावरून किडनीची रक्त गाळण्याची क्षमता मिनिटाला 86 मिलिच्या आसपास निघते, 65 वर्षांच्या बाईंमध्ये जेमतेम 50. रिपोर्ट एकच, अर्थ वेगळा! हे मुलांनी स्वतः गणित करून पाहिलं की विषय पाठांतराचा राहत नाही. दुसऱ्या बैठकीत सूक्ष्मदर्शक ठेवा. 10 मिलि लघवी 5 मिनिटं सेंट्रिफ्यूज करून गाळ बघायचा, पण लघवी ताजी हवी. तासन्‌तास ठेवली की कास्ट (किडनीच्या सूक्ष्म नळ्यांत तयार झालेले साचे) विरघळतात आणि मुलांना वाटतं, यात बघण्यासारखं काही नव्हतंच.

मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो. नवं शिबिर भरवण्यापेक्षा तेव्हा जुन्याच माणसांना पुन्हा बोलवा. मधल्या काळात सांधेदुखीच्या गोळ्या कोणाच्या सुटल्या, बीपीची गोळी कोणी मधेच बंद केली, हे त्या दिवशी विद्यार्थ्याला कळेल. ते त्याने मराठीत, समोरच्या आजोबांना समजेल असं बोलावं. पुष्कळदा चुकतं ते इथेच.

मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नेफ्रॉलॉजी, म्हणजे किडनीचं शास्त्र, घ्यायचं म्हणते. किती वर्षं लागतील? आणि जन्मभर डायलिसिसच बघायचं का?
– एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिप 1, मग साधारणपणे मेडिसिनचं एमडी 3 आणि नेफ्रॉलॉजीचं डीएम 3. मधल्या दोन प्रवेश परीक्षांचा काळ वेगळा. वर्षं बरीच आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

डायलिसिस हा या कामाचा एक भाग आहे. प्रत्यारोपण, लघवीतून प्रथिनं जाणारे आजार, गरोदरपणातलं बीपी, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बिघडणं, हे सगळं तिच्याकडे येईल. डायलिसिस विभागात दिसतात ते बहुतेक शेवटच्या टप्प्याचे रुग्ण, म्हणून मुलं खचतात. तिला आधी किडनीच्या ओपीडीत काही सकाळी बसू द्या. वेळेवर आलेला मधुमेही रुग्ण तिथे भेटतो. त्याचा आजार पुष्कळ वर्षं मागे ढकलता येतो. तो तिने पाहायला हवा.