घरांलगतच्या सरकारी जंगलात सगळ्यांसाठी वाटा आखायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घरांच्या मागेच सरकारी वनजमीन आहे. आजवर लोक तिथे मनाला येईल तसे फिरत आले. आता वन विभागाने वाटांचा रीतसर आराखडा मागितला आहे. चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार अशा तिघांनाही जागा हवी आहे, आणि जंगलाला खेटून राहणारे म्हणतात की आमच्या कुंपणामागे वाट नकोच. सुरुवात कुठून करायची आणि घरांपासून अंतर किती ठेवायचं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी अशा कामात स्वयंसेवक म्हणून बरीच वर्षं घालवली आहेत, नकाशासमोर बसूनही आणि कुदळ घेऊनही. माझं ठाम मत आहे की सुरुवात जंगलाच्या काठावरून करा. घरांपासूनचा पहिला अर्धा किलोमीटर हाच तुमचा खरा आराखडा. बहुतेक मंडळी नकाशा उघडतात आणि आतल्या टेकडीवरून, ओढ्याकाठून सुंदर वळणं काढत बसतात. भांडणं मात्र सगळी काठावर होतात. गाड्या तिथे लागतात, कुत्रे तिथे सुटतात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं तिथेच फिरतात, आणि उतारावरून भरधाव आलेली सायकलही शेवटी तिथेच येऊन पोचते. आत तीन किलोमीटरवर तुम्हाला तासाभरात चार माणसं भेटतील, काठावर चाळीस.

कागदावर रेघ ओढण्याआधी आज लोक कुठून आत शिरतात ते पाहा. प्रत्येक फटीतून, प्रत्येक गल्लीच्या टोकापासून चालत जा. कुंपणाची तार कुठे वाकली आहे, गवत कुठे झिजलं आहे, ओढा ओलांडायला दगड कोणी मांडून ठेवलेत, ते टिपून घ्या. फोनवरच्या व्यायाम-अ‍ॅपचे नकाशे, उदाहरणार्थ स्ट्राव्हाचा हीटमॅप (लोक कुठून जास्त जातात ते रंगाने दाखवणारा नकाशा), उपयोगी पडतात, पण त्यावर विसंबू नका. फोनमध्ये नोंद ठेवून फिरणारा माणूस त्यात दिसतो. रोज सकाळी काठी टेकत वीस मिनिटं जाऊन येणाऱ्या आजी त्यात दिसत नाहीत, आणि शाळेतून आडवाटेने घरी येणारी मुलंही नाहीत. आराखड्यात त्यांची वाट तुटली तर ती माणसं तक्रार करत नाहीत, नुसती यायची थांबतात. मला हे फार लागतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

लोकांनी पाडलेली प्रत्येक वाट ठेवायची असं नाही. पण ती तिथे का पडली हे कळल्याशिवाय बंद करू नका. दोन वळणांच्या मध्ये आडवाट पडली असेल तर एका वळणावरून दुसरं दिसत होतं, म्हणून पडली. ओढ्याकडे उतरणारी वाट असेल तर माणसांना पाण्याजवळ जायचं आहे. तुमच्या वाटेने त्यांना एका चांगल्या जागी पाण्याजवळ नेलं नाही, तर ती पाच वाईट जागी उतरतील. आधी चांगली वाट द्या, मगच जुनी बुजवा. बुजवताना नुसती फांदी आडवी टाकून भागत नाही. तोंडाकडचा जेवढा भाग चालत्या माणसाला दिसतो, तेवढा झुडपं लावून, पालापाचोळा आणि पडकी झाडं टाकून असा करा की इथे वाट होती हेच कळू नये. पुढची घट्ट झालेली माती उकरून ठेवा, म्हणजे तिथे पाणी धावणार नाही आणि बी रुजेल.

आता शेजारी. जाहीर सभेने सुरुवात करू नका. सभेत माणूस बाजू घेऊन बसतो आणि मग त्याला ती सोडता येत नाही. आम्ही ही चूक केली आणि दोन वर्षं गमावली. नंतर आम्ही तीन-तीन, चार-चार घरांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष जागेवर चालायला लागलो. सर्वांत कडवा विरोध ज्या जोडप्याचा होता, त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा चालताना कळलं की त्यांना वाटेचा त्रास नव्हताच. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या फाटकासमोर गाड्या लागायच्या आणि आजारी माणसाला बाहेर काढता येईना, हे त्यांचं दुःख होतं. आम्ही मुख्य प्रवेश वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या रस्त्याच्या बाजूला हलवला, तिथे गाड्यांची जागा केली, आणि त्यांच्या गल्लीच्या टोकाला फक्त पायी जाता येईल असं अरुंद दार ठेवलं. त्याला ना पाटी, ना नकाशावर खूण. पुढे त्याच दारातून ते दोघं रोज फिरायला जाऊ लागले.

ही दोन प्रकारची दारं प्रत्येक आराखड्यात हवीत: बाहेरून येणाऱ्यांसाठी एकच मोठं, ठळक, गाड्यांची सोय असलेलं, आणि शेजाऱ्यांसाठी छोटी, निनावी, पायी जाण्याची.

घोडे येणार असतील तर त्यांना घेऊन येणारी गाडी लांब असते आणि मागे जोडलेल्या घोड्यांच्या डब्यासकट तिला मागे न जाता वळता आलं पाहिजे. हे सुरुवातीला विसरलं तर नंतर जागाच उरत नाही.

काठावरची पहिली वाट रुंद ठेवा. आगीच्या धोक्यामुळे अनेक ठिकाणी घरं आणि जंगल यांच्यामध्ये साफ केलेला पट्टा किंवा अग्निशमनाची गाडी जाईल असा रस्ता असतोच. तोच पहिला अर्धा किलोमीटर म्हणून वापरता आला तर उत्तम. तिथे ढकलगाडीतलं बाळ, चाकाची खुर्ची, घोडा, सायकल सगळं मावतं, नवीन झाड तोडावं लागत नाही, आणि वावर राहिला की पट्टा साफ राहतो. पण असा रस्ता सरळ आणि उताराचा असेल तर सायकलींचा वेग फार वाढतो. तिथे वळणं घाला, दोन्ही बाजूंना दगड किंवा झुडपं घेऊन वाट मध्येच अरुंद करा. ‘सावकाश चालवा’ या पाटीपेक्षा वळण जास्त काम करतं.

वेगाचा हिशोब साधा आहे. सायकल ताशी २५ किलोमीटरने खाली येत असेल तर ती सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. समोरून माणूस चालत येतो आहे आणि वळणामुळे दोघांना एकमेकांचं दर्शन १५ मीटरवर होतं, तर हातात दोन सेकंदही नाहीत. म्हणून दोनच मार्ग: दृष्टी लांब करा, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूची झुडपं छाटा, किंवा वळणाआधी छोटा चढ देऊन वेग मोडा. दोन्ही केलंत तर फारच छान.

सगळ्यांनी सगळीकडे जायचं, की प्रत्येकाची वाट वेगळी? माझं उत्तर: काठावर एकत्र, आत गेल्यावर हळूहळू वेगळं. सगळ्या वाटा वेगळ्या करायच्या तर तिप्पट जंगल खोदावं लागतं. आणि सरसकट मनाई टिकत नाही. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या वनकायद्यात २ मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकलीला मनाई आहे, तरी फ्रायबुर्गजवळच्या डोंगरात शेवटी सायकलींसाठी अपवाद म्हणून खास वाटा कराव्या लागल्या. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवर सायकली आल्या, पण एका अटीवर: सायकलस्वाराने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची. अमेरिकेत टाहो सरोवराभोवतीच्या लांब वाटेच्या एका टप्प्यावर सायकलींना फक्त सम तारखांना परवानगी आहे. तारखांची ही वाटणी मला आवडते, कारण तिला एक मूठभर मातीही हलवावी लागत नाही. वाद पेटलेला असेल तर एक वर्ष ती करून बघा. उताराच्या सायकल-वाटेला एकच दिशा ठरवून देणं हाही स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

कोणी कोणाला वाट द्यायची याचा बहुतेक ठिकाणचा शिरस्ता असा की सायकल सगळ्यांना देते आणि चालणारा घोड्याला देतो. घोड्याच्या बाबतीत कारण समजावून सांगा, मग लोक पाळतात. मागून आवाज न करता येणारी सायकल घोड्याला शिकारी जनावरासारखी वाटते. दुरूनच बोललात की तुम्ही माणूस आहात हे त्याला कळतं. बाजूला उभं राहायचं ते शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला, कारण वरून काही अंगावर येतंय असं वाटलं की घोडा बिथरतो.

आता पाणी. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण चांगल्या मनाने केलेल्या कितीतरी वाटा मी ओघळ झालेल्या पाहिल्या आहेत. पाणी सर्वांत जवळच्या मार्गाने खाली जातं, आणि तुमची वाटही त्याच दिशेने सरळ खाली जात असेल तर पहिल्याच मोठ्या पावसात ती पाण्याची होते. मग माणसं चर टाळून कडेने चालतात, कडेची माती सुटते, वाट दुप्पट रुंद होते. म्हणून वाट उताराला आडवी जाऊ द्या. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन या डोंगरी सायकलस्वारांच्या संघटनेने रूढ केलेले दोन ठोकताळे चालणाऱ्यांच्या वाटांनाही लागू पडतात. पहिला: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, डोंगर १६ टक्के उतरत असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आत. दुसरा: एकूण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास किंवा कमी, म्हणजे १०० मीटर चालल्यावर १० मीटर उंची. वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली, एक मीटर रुंदीला साधारण ५ सेंटीमीटर, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळता आडवं निघून जातं.

तेवढ्यावर थांबू नका. पावलांनी आणि चाकांनी वाटेचा मध्य दबतो, बाहेरच्या कडेला मातीचा बारीक बांध तयार होतो आणि तो पाणी अडवतो. म्हणून चढत्या वाटेत अधूनमधून काही पावलं उताराची द्या आणि मग पुन्हा चढ. त्या खोलगट जागी पाण्याला बाहेर पडावंच लागतं. लाकडाचे ओंडके आडवे पुरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ओंडक्यामागे गाळ साचतो, सायकल घसरते आणि माणसं ओंडका चुकवून नवी वाट पाडतात.

सपाट जमीन पाहून खूश होऊ नका. डोंगर ४ टक्केच उतरत असेल तर वरच्या हिशोबाने वाटेला २ टक्केच चढ मिळतो, पाणी कुठेच जात नाही आणि चिखलाचं तळं होतं. घरांजवळची जमीन बहुतेक वेळा अशीच सपाट असते, शिवाय छपरांचं आणि अंगणांचं पाणी नळीने किंवा गटाराने तिथेच सोडलेलं असतं. काठावरच्या वाटेसाठी म्हणूनच भर घालून वाट उंच करणं, खडी टाकणं, जिथे घराचं पाणी येतं तिथे खालून नळी घालणं याचा खर्च धरा. पैसे थोडे असतील तर ते याच अर्ध्या किलोमीटरवर घाला.

जंगलात राहणाऱ्या पशुपक्ष्यांचाही विचार व्हायला हवा. वाट जमिनीवर एक मीटर असते, पण पक्षी आणि प्राणी तिच्यापासून बरंच दूर सरकतात, आणि बरोबर मोकळा कुत्रा असेल तर आणखी दूर. म्हणून वाटा जंगलभर समान पसरवू नका. काठाकडे त्यांची गर्दी होऊ द्या आणि आतला एक मोठा तुकडा अजिबात न चिरता सोडा. ओढा कमीत कमी ठिकाणी ओलांडा. कुत्र्यांना मोकळं सोडायची जागा द्यायची असेल तर तीही काठावरच.

वर्षाची देखभाल कोण करणार, झाड पडलं तर कोणाला फोन करायचा, वृक्षतोडीच्या किंवा घरट्यांच्या काळात वाट कोण बंद करणार, हे वन विभागाबरोबर लेखी ठरवा आणि मगच पहिली कुदळ मारा.

राहिला अंतराचा प्रश्न. मीटरमध्ये आकडा ठरवून टाकायचा मोह आवरा. घरांच्या वरच्या अंगाला ५० मीटरवरून जाणारी वाट थेट खिडकीत डोकावते, आणि खालच्या अंगाला २० मीटरवरची वाट दिसतही नाही. म्हणून शक्य तिथे वाट घरांच्या पातळीखालून न्या. मग ज्याचा आक्षेप आहे त्याच्या घरात एकाने फोन घेऊन खिडकीशी उभं राहायचं, दुसऱ्याने लाल कापड खांद्यावर टाकून, झेंड्या रोवून आखलेल्या रेषेवरून बोलत चालायचं. हे झाडांची पानं गळालेली असताना करा, पानं असताना सगळंच लपतं. जिथे कापड दिसेल किंवा शब्द कळतील तिथे झेंडी उचलून आत सरकवा आणि पुन्हा चाला. एका घरासाठी आम्हाला चार फेऱ्या लागल्या. चौथ्या वेळी झेंडी कुठे रोवायची हे त्या घरातल्या बाईंनी स्वतः येऊन दाखवलं, आणि वाट आज तिथूनच जाते.