शिकायचंय? मग आधी मार्सालाचं स्तान्योने

काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकणं) शिकायला इटलीतल्या सिसिलीला निघालाच आहात, तर थेट मार्सालाजवळचं स्तान्योने गाठा. खाऱ्या पाण्याचं उथळ सरोवर आहे ते, बहुतेक ठिकाणी गुडघा-कमरेएवढंच पाणी. पडलात की उभं राहायचं, काइट सावरायचा, पुन्हा सुरू. इझोला ग्रांदे हे लांबट बेट आडवं असल्याने मोठ्या लाटा आत येत नाहीत. त्रापानीचा विमानतळही जवळच.

उथळ आहे म्हणून बिनधास्त मात्र होऊ नका. तळाला गवत आणि धारदार शिंपले असतात, त्यामुळे रबरी बूट हवेतच. उड्यांचा मोह आवरा, खाली तळ लगेच लागतो!

उन्हाळ्यात वारा बहुधा दुपारी धरतो. सकाळी वारा पडलेला असेल तर चिडचिड नको, मिठागरं बघून या. आग्नेयेचा सिरोक्को वारा तापलेला आणि झोतांचा असतो. त्या दिवशी नवख्याने सरळ किनाऱ्यावर बसावं, असं माझं स्पष्ट मत.

वजन 75 किलोच्या आसपास आणि वारा 15 ते 18 नॉट (ताशी सागरी मैल) असेल, तर साधारण 12 चौरस मीटरचा काइट पुरतो. शंका आली तर लहानच घ्या. पहिल्या दिवशी बाकी काही जमो न जमो, काइट सोडून द्यायची क्विक रिलीज इतकी घोटा की न बघता हात तिथे जाईल.

रोड्‌सचं प्रासोनिसी (ग्रीसमधलं काइटसर्फिंगचं ठिकाण) पुढच्या वर्षी. तिथला मेल्तेमी वारा फार जोरकस.