इंग्लंडमधल्या पबच्या पाट्यांवर 'ये ओल्ड' लिहिलेलं असतं, त्यातल्या 'ये'चा अर्थ काय?

ते आजचं इंग्रजी 'द' (the) च आहे आणि त्याचा खरा उच्चारही 'द'च. जुन्या इंग्रजीत टी-एचच्या ध्वनीसाठी 'थॉर्न' नावाचं वेगळं अक्षर होतं, रून या उत्तर युरोपातल्या प्राचीन लिपीतून घेतलेलं. हस्तलिखितांत ते घासत घासत वायसारखं दिसू लागलं. १४७६ च्या सुमारास कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला, पण युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत (धातूच्या अक्षरांत) थॉर्न नव्हताच. मुद्रकांनी वायवर भागवलं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्येही (बायबलचं प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर) काही ठिकाणी वाय आणि त्याच्या डोक्यावर बारीक ई सापडतो.

'तुम्ही' या अर्थाचा जुना 'यी' हा निराळा शब्द, स्पेलिंग तेवढं सारखं. पाट्यांवरचं 'ये ओल्ड' मात्र बरंच नंतरचं, जुनेपणाचा आव आणणारं. आइसलँडिक भाषेत थॉर्न आजही रोज लिहिला जातो.