ते जुने पत्ते लिस्टमध्ये टाकू नकोस

काल तुझा मेसेज वाचला. न्यूजलेटरच्या नोंदणीचा फॉर्म तयार आहे, ईमेल पाठवायचं टूल घेतलंय, आता जुन्या ओळखीपाळखीच्या लोकांचे ईमेल पत्ते त्यात एकदम अपलोड करू का, असं विचारलंयस. नको करूस. हे मी स्वतः एकदा केलंय. एका कार्यक्रमाच्या नोंदणीसाठी लोकांनी दिलेले पत्ते उचलले आणि सरळ लिस्टमध्ये टाकले, तर पहिल्याच वेळी कितीतरी ईमेल बाउन्स झाले, म्हणजे न पोचता परत आले, बऱ्याच जणांनी स्पॅमचं बटण दाबलं, आणि पुढे ज्यांनी स्वतःहून नाव दिलं होतं त्यांनाही माझे ईमेल स्पॅममध्येच जायला लागले. डोमेनची, म्हणजे माझ्या ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची, पत सावरायला महिने गेले. ते वाचक गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून डबल ऑप्ट-इन चालूच ठेव. म्हणजे फॉर्म भरला की एक ईमेल जातो, त्यातल्या लिंकवर क्लिक केलं तरच माणूस लिस्टमध्ये येतो. घाईत कुणी 'जीमेल'चं स्पेलिंग चुकवतं, कुणी दुसऱ्याचाच पत्ता देतं, बॉट्स, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, तर रात्रंदिवस फॉर्म भरत असतात, हे सगळं इथेच गळतं. काही खरे लोकही क्लिक करायचे राहतात, पण तो तोटा मला मान्य आहे. फक्त त्या ईमेलमध्ये जाहिरात घुसडू नकोस, दोन ओळी आणि एक मोठं बटण, बास. आणि फॉर्म भरल्यावर जे पान उघडतं त्यावर नुसतं 'धन्यवाद' नको, 'इनबॉक्स बघा, तिथे नसेल तर स्पॅममध्ये बघा' असं स्पष्ट लिही, कारण निम्मी माणसं तिथेच सुटतात असं मला वाटतं.

फॉर्ममध्ये ईमेलचा एक रकाना ठेव, फार तर नाव. फोन नंबर, जन्मतारीख कशाला हवी? रकान्याचा टाइप 'ईमेल' दे, मग मोबाइलच्या कीबोर्डवर @ समोरच येतं, आणि अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नकोस, नाहीतर आयफोनवर रकान्याला बोट लावलं की पान झूम होतं. बटणावर 'सबमिट' नको, काय मिळणार आणि किती वेळा मिळणार ते लिही. चेकबॉक्स ठेवलास तर तो रिकामाच ठेव. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नाही, हे युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती फसवणूकच वाटते. कुणी, कधी, कुठल्या पानावरून होकार दिला याची नोंद ठेव.

आता डोमेनच्या सेटिंग्ज, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. एसपीएफ सांगतं तुझ्या नावाने कुठले सर्व्हर ईमेल पाठवू शकतात, डीकिम म्हणजे ईमेलवरची डिजिटल सही, आणि हे जुळलं नाही तर काय करायचं ते डीमार्क सांगतं. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलंय, जीमेलचा आकडा दिवसाला ५,००० ईमेलचा आहे, पण तुला दहाच जणांना पाठवायचं असलं तरी तिन्ही कर. एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब (म्हणजे लिस्टमधून नाव काढणं), त्याची दोन दिवसांत अंमलबजावणी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली, हेही त्याच नियमांत आहे. अनसबस्क्राइबची लिंक फिकट अक्षरांत लपवू नकोस, जायचंय त्याला वाट सापडली नाही की तो स्पॅमच दाबतो.

आज रात्री स्वतःच्या मोबाइलवरून फॉर्म भर, लिंकवर क्लिक कर, मग अनसबस्क्राइब करून बघ. मग कॉम्प्युटरवर जीमेल उघड, आलेल्या ईमेलच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' आहे, ते उघड, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसलं की मला कळव, मग वेलकम ईमेलमध्ये काय लिहायचं ते बोलू.