ब्रेकपॉइंट उडवू नका, झोपवून ठेवा

जीडीबी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं डीबगर, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे यावेळी ब्रेकपॉइंट (चालता प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) चालू-बंद करण्याचेच आहेत, म्हणून ते एकत्र घेतोय.

प्रश्न: ब्रेकपॉइंट थोडा वेळ नको असेल तर मी डिलीट मारतो आणि नंतर परत लावतो. चालेल ना?

चालेल, पण कशाला? डिलीट केला की त्याच्यावर लावलेली कंडिशन, कमांड्स सगळं जातं, आणि परत लावलात तर नंबरही नवा मिळतो. त्यापेक्षा 'डिसेबल २' म्हणा (२ हा ब्रेकपॉइंटचा नंबर), तो लिस्टमध्ये तसाच राहतो, 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' दिलं की एनेबलच्या कॉलममध्ये वायच्या जागी एन दिसतो, बस. हवा तेव्हा 'एनेबल २'.

प्रश्न: एकच बंद करायचा होता, सगळेच बंद झाले!

नंबर द्यायचा राहिला असणार. नुसतं 'डिसेबल' म्हणजे सगळे, आणि डिलीट निदान विचारतं तरी, हे विचारतही नाही. आता घाईत नुसतं 'एनेबल' मारू नका हं, तुम्ही आधी मुद्दाम बंद ठेवलेले पण जागे होतील. 'एनेबल २-५' अशी रेंज चालते.

प्रश्न: एक फंक्शन हजारो वेळा कॉल होतं, मला फक्त 'सेव्ह' दाबल्यानंतरचे कॉल बघायचेत. कंटिन्यू मारून बोटं दुखली.

हा माझा आवडता प्रश्न. समजा त्या फंक्शनवरचा ब्रेकपॉइंट २ नंबरचा आहे, तो डिसेबल करून ठेवा. सेव्ह जिथे सुरू होतं त्या ओळीवर दुसरा लावा, तो झाला ३. मग 'कमांड्स ३' टाइप करून खाली एकेका ओळीवर 'सायलेंट', 'एनेबल २', 'कंटिन्यू' आणि शेवटी 'एंड'. आता ३ वर प्रोग्रॅम पोचला की तो गुपचूप २ ला उठवतो आणि पुढे जातो, तुम्हाला थांबावं लागतं ते थेट कामाच्या जागी. फक्त 'कंटिन्यू' शेवटीच ठेवा, त्याच्यानंतर लिहिलेल्या कमांड्स जीडीबी सरळ सोडून देतं, यात माझी एक अख्खी दुपार गेलीये.

प्रश्न: 'एनेबल वन्स' आणि 'टीब्रेक' एकच ना?

नाही. दोन्ही एकदाच थांबवतात, पण टीब्रेकवाला नंतर डिलीट होतो आणि वन्सवाला नुसता डिसेबल. पाच वेळा थांबून मग बंद व्हायला हवा असेल तर 'एनेबल काउंट ५ २', यात आधी काउंट, मग ब्रेकपॉइंटचा नंबर.

प्रश्न: टेम्प्लेट फंक्शनवर (एकाच साच्यातून वेगवेगळ्या टाइपसाठी बनणाऱ्या फंक्शनवर) एकच ब्रेकपॉइंट लावला तर लिस्टमध्ये २.१, २.२ असं दिसतं.

एकाच ब्रेकपॉइंटच्या त्या वेगवेगळ्या जागा आहेत. नको असलेली तेवढी 'डिसेबल २.१' करा, बाकीच्या चालू राहतात.