शाउट! फॅक्टरी ही ऱ्हायनोचीच शाखा आहे का?

नाही, जुन्या मालिका-चित्रपटांचे डीव्हीडी संच काढणारी शाउट! फॅक्टरी ही अमेरिकी कंपनी ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीची शाखा नाही. ऱ्हायनोचे सहसंस्थापक रिचर्ड फूस यांनी तेथून बाहेर पडल्यावर बॉब एमर आणि गार्सन फूस यांच्यासह २००२ साली उभी केलेली ती स्वतंत्र कंपनी आहे. ऱ्हायनोची सुरुवात १९७३ मध्ये लॉस एंजेलिसमधील रेकॉर्डच्या दुकानापासून झाली, १९७८ मध्ये तिचे रेकॉर्ड लेबल (संगीत प्रसिद्ध करणारी कंपनी) झाले आणि १९९८ मध्ये ती पूर्णपणे टाइम वॉर्नर या माध्यमसमूहाच्या हाती गेली. जुन्या, विस्मृतीत गेलेल्या करमणुकीला जपून, नीट सजवून पुन्हा बाजारात आणण्याची ऱ्हायनोची दृष्टी मात्र फूस यांनी नव्या कंपनीतही कायम ठेवली आणि माझ्या मते तिचे सर्वांत चांगले फळ म्हणजे ‘फ्रीक्स अँड गीक्स’ या टीव्ही मालिकेचा २००४ मधील डीव्हीडी संच. त्या मालिकेत गाजलेली रॉक गाणी ठायी ठायी वापरलेली असल्याने हक्कांचा खर्च मोठा होता. अशा वेळी स्वस्तातले पर्यायी संगीत घालण्याची पद्धत रूढ असतानाही या कंपनीने मूळ गाणीच ठेवून सर्व १८ भाग प्रसिद्ध केले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’चे आधीचे संच ऱ्हायनोचे, तर २००८ पासूनचे शाउटचे आहेत, त्यामुळे एकाच मालिकेवर दोन्ही नावे दिसतात. २०१२ मध्ये सुरू झालेले स्क्रीम फॅक्टरी हे भयपटांचे लेबलही शाउटचेच असून, २०२३ मध्ये शाउट! फॅक्टरीने शाउट! स्टुडिओज हे नाव घेतले.